डेडस्टॉकमधले लॅपटॉप

शाळेत कुठलीही वस्तू आली की आधी डेडस्टॉक रजिस्टरला चढते. बाक, घड्याळ, लोखंडी पेटी, पृथ्वीचा गोल, सतरंज्या, सगळं त्या एकाच वहीत. सरकारी कागदावर तिला जडवस्तू संग्रह नोंदवही म्हणतात, पण तसं म्हणणारा मास्तर मला अजून भेटायचा आहे. काही वर्षांपूर्वी एका कंपनीच्या सामाजिक निधीतून आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेला वीस लॅपटॉप मिळाले, तेव्हा तेही मी त्याच वहीत, सतरंज्यांच्या खालच्या ओळीवर, स्वतःच्या हाताने लिहिले. नग, तारीख, किंमत. शेऱ्याच्या रकान्यात ‘सुस्थितीत’. मग ते कपाटात गेले आणि किल्ली माझ्याकडे आली.

चौदा महिन्यांनी तपासणीला साहेब आले. कपाट उघडलं. वीसच्या वीस नग जागेवर, एकावरही ओरखडा नाही, पडद्यावरची प्लास्टिकची पापुद्र्यासारखी फिल्मसुद्धा तशीच. ‘छान जपलेत हो,’ साहेब म्हणाले आणि सही करून गेले. त्यानंतर मी एकेक चालू करून पाहिला. पाच सुरूच होईनात. दोघांच्या बॅटऱ्या इतक्या फुगल्या होत्या की खालचं झाकण पुरणपोळीसारखं वर आलं होतं. तरी शेरा खोटा नव्हता. डेडस्टॉकच्या हिशेबाने ते सुस्थितीतच होते.

शाळेने दिलेला लॅपटॉप विद्यार्थ्याने कसा सांभाळावा यावर सूचना पुष्कळ निघतात आणि त्या सगळ्यांचा सूर एकच असतो: खराब करू नका, नाहीतर बघा. माझं म्हणणं याच्या उलट आहे. मुलांच्या हातात लॅपटॉप द्यायचा असेल तर त्यातले काही तुटणार हे आधीच मान्य करून, त्यासाठी पैसे बाजूला काढूनच द्यावा. भरपाईचं हमीपत्र पालकांकडून घेऊ नये. आणि लॅपटॉप घरी जाऊ द्यावा. एवढं करायची तयारी नसेल तर फीत कापायला पाहुण्यांना बोलावू नये.

हे शहाणपण मला आधी नव्हतं. लॅपटॉप आले त्या महिन्यातल्या पालक सभेत मीच हमीपत्रं वाटली होती. मसुदाही माझाच. ‘सदर लॅपटॉप हरवल्यास, तुटल्यास अथवा नादुरुस्त झाल्यास त्याची संपूर्ण किंमत भरून देण्यास मी बांधील राहीन.’ किंमत २८ हजार रुपये. वीस पालकांपैकी सह्या केल्या सहा जणांनी, आणि आठवड्याच्या आत त्यातले चार लॅपटॉप परत आले, मागाहून उरलेले दोनही. आठवीतल्या एका मुलीची आई खुरपणीला जाता जाता शाळेत आली. लॅपटॉप पदराखाली झाकलेला.

‘गुरुजी, हे तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या. पोरगी रातभर उशाला घेऊन झोपतीया अन् माझ्या डोळ्याला डोळा न्हाई. एवढ्या पैशात तीन शेळ्या येत्यात.’

मी तिची समजूत काढायला हवी होती. पण खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. एक नग सुखरूप परत आला होता. मुलांना वस्तू सांभाळता येत नाही असं आम्ही शिक्षक येताजाता म्हणतो. त्या बाईइतका तो लॅपटॉप कुणीच सांभाळला नसता. फक्त त्याचा उपयोग शून्य झाला असता, आणि तसाच तो झालाही.

ही काही आमच्याच गावची तऱ्हा नाही. दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाने मुलांना आठ लाखांवर लॅपटॉप वाटले. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाचे निकोलस नेग्रोपाँटे यांनी २००५ मध्ये शंभर डॉलरच्या लॅपटॉपची कल्पना जगापुढे मांडली होती, त्यातूनच निघालेली ही यंत्रं. इंटर-अमेरिकन डेव्हलपमेंट बँकेच्या अभ्यासकांनी तिथल्या ३१९ ग्रामीण शाळा तपासल्या आणि २०१२ मध्ये निष्कर्ष मांडला: गणितात आणि भाषेत मुलांच्या गुणांमध्ये फरक दिसत नाही. लॅपटॉपविरोधी मंडळी हा अभ्यास नेहमी तोंडावर फेकतात. त्यातच आणखी एक गोष्ट आहे, ती मात्र कुणी सांगत नाही. लॅपटॉप घरी न्यायचा, हाच मुळात त्या योजनेचा गाभा. प्रत्यक्षात घरी नेणारी मुलं निम्म्याहून कमी होती. काही शाळा नेऊ देत नव्हत्या आणि काही ठिकाणी पालकच नको म्हणत होते, कारण तुटलं तर भरून द्यावं लागेल ही धास्ती. पेरूच्या डोंगरातली ती आई आणि आमच्या गावची ही आई यांची भाषा वेगळी, शेळीऐवजी तिथे अल्पाका असेल, हिशेब तोच. आता लॅपटॉपने शिक्षण सुधारत नाही म्हणायचं की कपाटाने सुधारत नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं. अर्थात मुलांनी रोज घरी नेले असते तर गणिताचे गुण वाढलेच असते, असाही माझा दावा नाही. शिकवणारा माणूस लागतोच.

याच लॅपटॉपचा भारतातला पहिला प्रयोग महाराष्ट्रात झाला, हे आज फार थोड्यांना आठवतं. २००७ साली, रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातल्या खैराटच्या धनगरवाड्यावर. एकशिक्षकी शाळा, वीस-बावीस मुलं. हिरवा-पांढरा, कानाएवढ्या दोन अँटेनांचा तो लॅपटॉप मला त्याच्या वेगासाठी नव्हे, त्याच्या बांधणीसाठी आवडतो. यथातथाच चालायचा म्हणे. पण कीबोर्ड रबराचा, सलग, धूळ-पाणी आत जाऊ नये असा. पडदा उन्हातही वाचता येणारा. उचलायला मूठ. आणि त्या मुठीच्या आत जादा स्क्रू ठेवलेले! म्हणजे बनवणाऱ्याने गृहीतच धरलं होतं की हे उघडलं जाणार, स्क्रू हरवणार, आणि उघडणारा कुणी कंपनीचा माणूस नसून दहा वर्षांचं पोर असणार. नायजेरियातल्या गालादिमा या गावच्या शाळेत तर मुलांनीच लॅपटॉपचा दवाखाना काढला होता. झाकली मूठ सव्वा लाखाची असं आपण म्हणतो. ही मूठ उघडण्यासाठी होती. आमच्या वीस लॅपटॉपच्या पाठीवर मात्र चांदीच्या रंगाचं स्टिकर होतं: उघडल्यास वॉरंटी रद्द.

‘फुकट मिळालं की किंमत राहत नाही,’ हा आक्षेप मला माहीत आहे, कारण स्टाफरूममध्ये रोज ऐकतो. दाखलाही तयार असतो, तमिळनाडूचा. तिथे २०११ मध्ये जयललिता सरकारने सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या मुलांना लॅपटॉप द्यायला सुरुवात केली आणि पुढच्या काही वर्षांत लाखांनी वाटले. त्यातले काही बाजारात विकले गेल्याच्या बातम्याही आल्या. आल्या, खरं आहे. पण ते लॅपटॉप मुलांना कायमचे दिलेले होते. बारावीनंतर घरात फीची अडचण आली आणि कुणी स्वतःची वस्तू विकली, तर त्याला बेफिकिरी म्हणायला माझी जीभ धजत नाही. आमच्या गावात याच कारणासाठी डोरलं विकतात. बेफिकिरी बघायची असेल तर वाटणाऱ्यांची बघा. उत्तर प्रदेशात २०१३ मध्ये वाटलेले लॅपटॉप चालू केले की पडद्यावर पितापुत्र नेत्यांचे फोटो झळकायचे. मुलाने ते काढू नयेत याची तजवीज नीट केली होती. बिघडला तर कुठे न्यायचा याची तजवीज तेवढी नीट होती का, हे विचारणारं कुणी नव्हतं.

फुकट वस्तूची किंमत राहते की नाही याचं उत्तर आपल्याकडे सायकलीने देऊन ठेवलं आहे. मानव विकास कार्यक्रमातून राज्यातल्या १२५ मागास तालुक्यांमध्ये आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात. फुकटच मिळतात. वाड्यावस्त्यांवरून शाळेत येणाऱ्या मुलींच्या त्या सायकली बघा. मडगार्ड वाकलेलं असतं, घंटी गेलेली असते, एका पायडलच्या जागी नुसता दांडा असतो, पण चाक फिरत असतं. कारण फाट्यावर टायरचा तुकडा टांगलेलं पंक्चरचं दुकान आहे. दहा-वीस रुपयांत काम होतं. वडिलांना पाना धरता येतो. मुलीला स्वतःला चेन चढवता येते, हात काळे करून. सायकल टिकते कारण तिच्याभोवती दुरुस्तीचं अख्खं जग आहे. सायकल देताना कुणी हमीपत्र घेत नाही की पंक्चर झाल्यास संपूर्ण किंमत वसूल करू.

लॅपटॉपला फाट्यावर पंक्चरवाला नाही. तालुक्याच्या गावी एक मोबाइल दुरुस्तीवाला आहे, तो लॅपटॉप बघतो, पण बिजागरीचं काम जिल्ह्याला पाठवतो. तिकडून निरोप येतो, बॉडी बदलावी लागेल, साडेतीन हजार. हे साडेतीन हजार आणायचे कुठून? समग्र शिक्षा योजनेत शाळांना संयुक्त अनुदान असतं. आमच्यासारख्या शंभर ते अडीचशे पटाच्या शाळेला कागदावर वर्षाला ५० हजार. त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेवर घालायचे. मग वीजबिल, खडू, कागद, नळाची तोटी, गळणारं छप्पर. आणि यातलं प्रत्यक्ष किती येतं, कोणत्या महिन्यात येतं, हे मुख्याध्यापकांना विचारा. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात त्यांची गाठ घेऊ नका इतकंच सांगतो. वीस लॅपटॉप सांभाळण्यासाठी वेगळा असा रुपयाही कुठल्या शीर्षाखाली नाही. कंपनीने लॅपटॉप दिले, फोटो काढले, अहवाल केला. देणगी म्हणजे वस्तू, असं आपल्या डोक्यात पक्कं बसलं आहे. वस्तूबरोबर पाच वर्षांची देखभाल दिली तर फोटो कशाचा काढणार?

शासनाचंही काही वेगळं नाही. माध्यमिक शाळांत आयसीटी, म्हणजे माहिती-तंत्रज्ञानाच्या, योजनेतून संगणक कक्ष उभे राहिले. पाच वर्षांचा करार, संगणक आणि शिकवायला माणूस दोन्ही ठेकेदार कंपनीचे. करार संपला, संगणक शाळेचे झाले आणि माणूस गेला. अशा किती कक्षांना आज कुलूप आहे ते त्या त्या गावात जाऊन बघावं. मुंबई महापालिकेने २०१५ मध्ये दप्तराचं ओझं कमी करायला आठवीच्या मुलांना टॅब दिले, त्यात पाठ्यपुस्तकं भरलेली. कल्पना उत्तम. तीन वर्षांनी आठवीचा अभ्यासक्रमच बदलला. पुस्तक जुनं झालं तर रद्दीवाला नेतो. टॅबच्या पोटातलं जुनं पुस्तक बदलायला माणूस लागतो, आणि तो अंदाजपत्रकात आधीपासून असावा लागतो.

मग कुणी नीट केलंच नाही का? केरळने केलं. तिथली काइट ही सरकारी संस्था शाळांसाठी एकत्रित खरेदी करते आणि खरेदीच्या अटींमध्येच पुरवठादाराला पाच वर्षांच्या वॉरंटीत बांधून घेते. तक्रार नोंदवली की दोन दिवसांत निकाली काढायची, नाहीतर दर दिवसाला शंभर रुपये दंड. दंड म्हणजे पुरवठादाराला, शेळ्या पाळणाऱ्या बाईला नव्हे. यंत्रांवर मुक्त सॉफ्टवेअर, त्यामुळे परवान्याचे पैसे नाहीत. आणि २०१८ पासून शाळाशाळांत ‘लिटिल काइट्स’ नावाची विद्यार्थ्यांची मंडळं, ज्यातली मुलं प्रोग्रामिंग, अ‍ॅनिमेशन याबरोबर हार्डवेअरही शिकतात. केरळचं नाव काढलं की आमच्याकडे लगेच ‘तिकडची गोष्टच वेगळी’ असं म्हणून विषय मिटवतात. खरेदीच्या करारात एक कलम घालायला साक्षरता किती टक्के लागते?

आता मुलांकडे वळतो, कारण सगळं खापर व्यवस्थेवर फोडून त्यांना मोकळं सोडायचं माझ्या मनात नाही. हमीपत्र फाडलं म्हणजे जबाबदारी संपली असं नाही. उलट ती तेव्हाच सुरू होते. पण जबाबदारी म्हणजे भीती नव्हे. ती माहिती आहे, आणि हाताला लागलेली सवय. आम्ही ज्या सूचना भिंतीवर चिकटवतो त्यांत ‘लॅपटॉप काळजीपूर्वक हाताळावा’ असं असतं. याचा अर्थ काय? तेरा वर्षांच्या मुलाने यातून काय समजायचं?

दुसऱ्या खेपेला लॅपटॉप मुलांना दिले तेव्हा मी सूचना लावल्याच नाहीत. एक मेलेला लॅपटॉप टेबलावर घेतला आणि मुलांसमोर उघडला. बिजागरी दाखवली. एका कोपऱ्याला धरून झाकण उघडलं की सगळा भार एका बाजूच्या इवल्याशा स्क्रूंवर कसा येतो ते त्यांनी स्वतः हलवून पाहिलं. तेव्हापासून पोरं झाकण मधोमध धरतात, मला एकदाही सांगावं लागलं नाही. कीबोर्डवर पेन राहिलं आणि झाकण मिटलं तर काच कशी तडकते, हे एका मुलाने आधीच करून दाखवलेलं होतं, त्यामुळे तो धडा घ्यावा लागला नाही. पंखा दाखवला. त्यात अडकलेली खडूची भुकटी, कापसाचे तंतू, आणि एक वाळलेली पाल. पालीवर अर्धा तास गेला. पण गोधडीवर ठेवून लॅपटॉप चालवला की हवा खालून आत जाऊच शकत नाही, हे त्या पालीमुळे पक्कं झालं.

बॅटरीचं थोडं सविस्तर सांगावं लागतं, कारण तिथे आपली जुनी समजूत आड येते. वस्तू न वापरता ठेवली की ती नवी राहते, ही पितळेच्या भांड्यांची समजूत. लिथियमच्या बॅटरीला ती लागू नाही. ती पूर्ण उतरलेल्या अवस्थेत महिनोन्‌महिने पडून राहिली की आतून खराब होते, मग चार्जच घेत नाही. पूर्ण भरून, मे महिन्यात पत्र्याच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात ठेवली तरी तिचं आयुष्य झटझट घटतं. सुट्टीत ठेवायचीच तर निम्मी भरून, त्यातल्या त्यात गार जागी, आणि अधूनमधून काढून चार्ज करायची. म्हणजे माझं कपाट हेच माझ्या बॅटऱ्यांचं सर्वात मोठं दुखणं होतं. शाळेत ‘चार्ज घेणे’ या शब्दाला एकच अर्थ असतो, मुख्याध्यापक रजेवर गेले की जो घ्यावा लागतो तो. दुसरा मी फार उशिरा शिकलो.

चार्जरची वायर हा गरिबाघरचा प्रश्न आहे. घरात एकच बोर्ड, तोही दाराजवळ, त्याला अर्थिंग नाही. लॅपटॉपला हात लावला की मुंग्या येतात, मग आई म्हणते करंट मारतंय, बंद कर. बाईचं बरोबर असतं. अशा घरी लॅपटॉप शाळेतच भरून न्यायचा आणि घरी बॅटरीवर चालवायचा, हा आमचा साधा नियम. त्यासाठी शाळेची वीज चालू असायला हवी, आणि थकलेल्या बिलापायी जिल्हा परिषदेच्या शाळांची वीज तुटणं ही काही अपूर्वाईची गोष्ट नाही. दसऱ्याला मात्र मी मुलांना मोकळीक देतो. पाटीपूजनाच्या जागी आता लॅपटॉप मांडतात, झेंडू वाहतात. एका वर्षी हळदकुंकू कीबोर्डमध्ये गेलं आणि ‘क’चं बटण सहा महिने चिकटत होतं. तेव्हापासून कुंकवाचं बोट झाकणाला.

घरी लॅपटॉप गेला की ‘गैरवापर’ होतो, अशी तक्रार असते. कसला गैरवापर? एका मुलाने वडिलांचा सातबारा उतरवून घेतला. एका मुलीने मोठ्या बहिणीचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरला. तालुक्याला खेप आणि दिवसाची मजुरी वाचली. मला यात गैर काहीच दिसत नाही. ज्या घरात ते यंत्र उपयोगी पडतं तिथेच त्याला मान मिळतो, त्याच्यावर फडकं फिरतं, आजी त्याच्याजवळ पाण्याचा तांब्या ठेवू देत नाही. फक्त बँकेचा पासवर्ड त्यात साठवायचा नाही आणि काम झालं की खातं बंद करून उठायचं, एवढं मी घोकून घेतो. कारण लॅपटॉप पुढच्या वर्षी दुसऱ्याच्या हातात जाणार असतो. सिनेमे बघतात का? बघतात. मीही बघतो. मला खटकतं ते वेगळंच. मुलीच्या नावावर दिलेला लॅपटॉप घरी गेला की भावाच्या मांडीवर असतो आणि मुलगी भांड्यांपाशी. यावर एकच उपाय सापडला आहे: तिला असं काम द्यायचं की जे तिनेच करून आणलं नाही तर चालणार नाही, आणि तसं वडिलांना सांगायचं. अर्ध्या वेळा चालतो.

मुलाने लॅपटॉपची काळजी घ्यायची, तर देणाऱ्यानेही मुलाची घ्यायला हवी. अमेरिकेत फिलाडेल्फियाजवळच्या लोअर मेरियन इथल्या शाळांनी विद्यार्थ्यांना लॅपटॉप दिले आणि चोरी झाल्यास शोधता यावेत म्हणून दुरून कॅमेरा चालू करणारी व्यवस्था त्यात ठेवली. एका मुलाला शाळेत बोलावून त्याच्या खोलीतला फोटो दाखवला गेला, अमली गोळ्यांचा संशय. मुलगा म्हणाला, त्या चघळायच्या गोड गोळ्या होत्या. २०१० मध्ये प्रकरण कोर्टात गेलं आणि उघड झालं की अशा लॅपटॉपमधून पन्नास हजारांवर छायाचित्रं टिपली गेली होती. ६ लाख १० हजार डॉलरवर तडजोड झाली. वस्तू जपण्याच्या नादात मुलांच्या झोपायच्या खोल्यांत डोकावलं गेलं. आपल्याकडे २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात मुलांवर पाळत ठेवायला मनाई आहे, त्याच्या नियमांत शाळांना काही बाबतींत सवलत आहे. ती सवलत किती ताणली जाईल याची मला काळजी वाटते. देणगीदार संस्थेचा एक तरुण आमच्याकडे आला होता. ‘सर, आम्हाला इथूनच डॅशबोर्डवर दिसतं कोण काय बघतंय,’ असं तो अभिमानाने म्हणाला. हे मुलांना आणि त्यांच्या आईबापांना सांगितलं आहे का, असं मी विचारलं. तो म्हणाला, त्याची गरज नाही पडली कधी. मी दुसऱ्या दिवशी सांगितलं. निम्म्या मुलांनी कॅमेऱ्यावर टिकली चिकटवली, आणि ती मी काढायला लावलेली नाही.

शिक्षकमित्रांचा खरा आक्षेप मात्र यातला कुठलाच नाही. तो कुजबुजत सांगितला जातो: ‘सर, हमीपत्र नाही घेतलं आणि नग कमी भरला, तर वसुली कुणाच्या पगारातून?’ हा प्रश्न खोटा नाही. माझी किल्ली घट्ट धरायला लावणारी भीती हीच होती, आणि मी ती जशीच्या तशी त्या आईच्या पदरात टाकली होती. वरून आलेली भीती खाली ढकलायची, तिथून ती आणखी खाली, आणि तळाशी बसलेल्याने ती पदराखाली झाकून परत आणून द्यायची. म्हणून मागणी करायची ती वरच करायला हवी. शाळेच्या उपकरणांसाठी देखभालीचं वेगळं शीर्ष असावं. वापरात तुटलेली वस्तू आणि हलगर्जीने गमावलेली वस्तू यांत फरक करणारा सरळ नियम असावा. पुरवठादार असो की देणगीदार, पाच वर्षं त्याने यंत्राची साथ सोडू नये. आणि साहेबांनी तपासणीत नग मोजण्याऐवजी एकच करावं: कुठलाही लॅपटॉप उचलून चालू करावा आणि समोरच्या मुलाला म्हणावं, दाखव काय केलंस.

आमच्याकडे आता डेडस्टॉकच्या शेजारी दुसरी एक वही आहे. मुलांनी तिला केसपेपर नाव दिलं आहे. पेशंटचा नंबर, दुखणं, उपचार, डॉक्टरची सही. अकरा नंबर: ‘बिजागरी सैल, दोन स्क्रू मेलेल्या सहा नंबरचे काढून बसवले.’ तीन नंबर: ‘पेनड्राइव्हमधून व्हायरस, सर्व पुसून उबुंटू टाकलं.’ विंडोज १० चे नेहमीचे सुरक्षा अपडेट ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबले आणि आमची यंत्रं विंडोज ११ च्या लायकीची नाहीत, त्यामुळे हळूहळू सगळ्याच पेशंटांवर हा, म्हणजे विंडोजच्या जागी फुकट मिळणारं उबुंटू टाकण्याचा, उपचार होणार आहे. वीसपैकी चौदा चालतात. ओरखडे सगळ्यांवर आहेत. तीन शेळ्यांचा हिशेब घालणाऱ्या बाईची मुलगी आता तालुक्याच्या कॉलेजात अकरावीला आहे. शनिवारी एसटीने येते आणि केसपेपरवर सह्या करते.

फुगलेल्या दोन बॅटऱ्यांचं काय करायचं हे अजून ठरलेलं नाही. त्या फोडायच्या नाहीत, जाळायच्या नाहीत, कचऱ्यात टाकायच्या नाहीत, एवढं मुलांनाही पाठ आहे. पण तालुक्यात त्या घ्यायला कुणी तयार नाही. मेलेल्या लॅपटॉपच्या निर्लेखनाचा, म्हणजे ते रजिस्टरमधून कमी करण्याचा, प्रस्ताव मी पंचायत समितीत दोनदा दिला. दोन्हीदा एकाच शेऱ्यानिशी परत आला: वस्तू सुस्थितीत असल्याची नोंद रजिस्टरला दिसते, तरी खुलासा करावा. बॅटऱ्या सध्या व्हरांड्याच्या टोकाला वाळूच्या बादलीत आहेत.